सर्व्हिसिंगला दिलेली गाडी शोरूमवाल्यांच्या हातून ठोकली, आता माझ्याच इन्शुरन्सवर क्लेम टाका म्हणतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. गाडीतलं मला फार कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

गेल्या शनिवारी सकाळी गाडी लातूरला ३० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला टाकली. २०२२ च्या दसऱ्याला घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, रंग सिल्व्हर, आजवर एक क्लेम नाही. जॉब कार्ड करताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं चारी बाजूंनी फोटो काढले होते. गाडी धडधाकट आत गेली याचा पुरावा त्यांच्याकडंच आहे, म्हणून हे आधी सांगतो.

दुपारी साडेचारला फोन आला. "सर, वॉशिंगवरून काढताना गाडी जरा टच झाली. टेन्शन घेऊ नका, करून द्यायलोत आपण." मी बाजारातच होतो, तसाच गेलो. जरा टच म्हणजे काय, तर डावा हेडलाइट फुटलेला, बंपर एका बाजूनं लोंबतोय, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) दबून टायरला घासतोय आणि बॉनेटचा कोपरा वर आलेला. शेडच्या लोखंडी खांबावर गेली होती. काढणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटर दाबला गेला असं तो स्वतःच म्हणाला. बाजूला उभा होता, हात थरथरत होते. त्याच्या पगारातून कापू नका, असं मी मॅनेजरला तिथंच सांगितलं. पण त्याच्याकडं लायसन्स आहे का, या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं नाही.

आता खरा विषय. मॅनेजर म्हणतात, "तुमची झिरो डेप पॉलिसी आहे, क्लेम टाकू. फाइल चार्जचे हजार रुपये आम्ही भरतो, तुम्हाला एक रुपया लागणार नाही." (झिरो डेप म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून पैसे कापत नाहीत.) क्लेम फॉर्म भरूनच ठेवला होता. त्यात लिहिलेलं, घरासमोर पार्किंग करताना खांबाला धडकली, चालक गाडीमालक स्वतः. फक्त सही मागितली. मी केली नाही. पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस मी, अशा कागदावर सही कशी करू? मॅनेजर म्हणाले, "सर, समदेच असं करतात, आमच्याकडं हीच पद्धत आहे."

एस्टिमेट ४२,६०० रुपयांचं आहे. त्यात बंपर आणि हेडलाइट नवीन, फेंडर आणि बॉनेट मात्र ठोकून-पेंट करून. जॉब कार्डच्या मागं बारीक अक्षरात गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवली जाते असं छापलंय, तेही दाखवलं. क्लेमला नाही म्हटलं तर "वर विचारावं लागेल" एवढंच उत्तर, आणि गाडी तशीच उभी.

आईचं डायलिसिस लातूरला असतं, आठवड्यातून दोनदा. मंगळवारी भाड्याची गाडी करून नेलं, १,८०० रुपये गेले. एसटीनं तिला नेणं शक्य नाही, परतीच्या वेळी तिला धड बसवत नाही.

तर, माझ्या पॉलिसीवर क्लेम करण्यात नुकसान नेमकं किती? खर्च त्यांनीच करावा असं ठणकावून सांगायला मला कायद्याचा आधार आहे का? फेंडर-बॉनेट नवीन मागणं रास्त आहे का, आणि दुरुस्ती नीट झाली हे माझ्यासारख्यानं ओळखायचं कसं? भाड्याच्या गाडीचे पैसे मागता येतात का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

परभणीकर:

सर, सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत. मी काही वर्षं विमा सर्व्हेअरसोबत, म्हणजे क्लेममधलं नुकसान तपासणाऱ्यासोबत, काम केलंय.

विमा खऱ्या माहितीवर चालतो. चालक कोण, जागा कुठली, हे खोटं लिहिलं आणि सर्व्हेअरनं वर्कशॉपचा सीसीटीव्ही किंवा जॉब कार्डची वेळ पाहिली, तर क्लेम नामंजूर होतो, आणि खोटी सही तुमची असते. त्या दिवशी सकाळपासून गाडी त्यांच्या ताब्यात आहे, मग ती दुपारी तुमच्या घरासमोर कशी धडकेल? शिवाय खरं लिहूनही अडचण येऊ शकते. खासगी गाडीच्या पॉलिसीत मोटार ट्रेडशी, म्हणजे गाड्यांच्या विक्री-दुरुस्तीच्या धंद्याशी, संबंधित वापर वगळलेला असतो, आणि चालकाकडं वैध लायसन्स लागतं. पोराच्या लायसन्सवर ते गप्प का, याचा विचार करा.

"एक रुपया लागणार नाही" हेही खरं नाही. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आज ३५ टक्के असणार, येत्या ऑक्टोबरात ४५ होईल, त्यापुढं ५०. एक क्लेम केला की शून्य, आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण. बोनस फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर) नाही. समजा तो पूर्ण हप्ता १०,००० आहे. पहिल्या वर्षी ५,५०० ऐवजी १०,००० भराल, म्हणजे ४,५०० जास्त. दुसऱ्या वर्षी ३,०००, तिसऱ्या वर्षी २,५००, चौथ्या वर्षी १,५००, पाचव्या वर्षी ५००. बेरीज १२,०००. गाडीची किंमत उतरेल तसा आकडा थोडा कमी होईल, पण ते हजार रुपये भरायला तयार आहेत आणि तुमच्या खिशातून बारा हजारांच्या आसपास जातायत, हे त्यांना दाखवा. बोनस प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घेतलंय का, तेवढं पॉलिसीत बघून घ्या. असलं तरी खोट्या फॉर्मवर सही नाहीच.

डीलर लोकांना अशा वेळेसाठी मोटार ट्रेड पॉलिसी घेता येते. ती त्यांनी घेतलीय का, हे लेखी विचारा. नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

---

जालन्याहून:

माझ्यासोबत दोन वर्षांपूर्वी असंच झालं. मी क्लेम करून मोकळा झालो, आठ दिवसांत गाडी मिळाली. आईचं आजारपण आहे, भांडत बसू नका असं माझं मत.

---

धागाकर्ता:

दादा, तुमचं मनापासून पटतं, आईमुळंच मीही दोन रात्री तोच विचार केला. पण क्लेम केला तर मला खोटं लिहून द्यावं लागतंय. खरं लिहून त्यांनी क्लेम केला असता, तर कदाचित मी बोनसचं सोडून दिलं असतं.

---

बीडची वकील:

सर, कायदा तुमच्या बाजूनं आहे. तुम्ही वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देता, त्याला भारतीय करार कायदा १८७२ मध्ये निक्षेप म्हणतात. कलम १५१ प्रमाणं ताबा घेणाऱ्यानं ती वस्तू सामान्य समजदार माणूस स्वतःची जपतो तशी जपायची असते. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटर दाबला जाणं या कसोटीत बसत नाही. मागं छापलेल्या त्या ओळीनं निष्काळजीपणा माफ होतो असं समजू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रारीसाठी लातूरला हेलपाटे नकोत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. पण निकालाला वेळ लागतो, तुम्हाला गाडी आज हवीय. म्हणून आधी पत्र.

पत्र ईमेलनं पाठवा आणि पोच घेऊन हातानंही द्या. गाडी किती वाजता दिली, फोन किती वाजता आला, काय काय तुटलंय, सगळं तारखेनिशी लिहा. क्लेम फॉर्मवर सही करायला का नकार दिला, तेही लिहा. आत येतानाचे फोटो आणि त्या दिवशीचं सीसीटीव्ही जपून ठेवा अशी लेखी मागणी करा, कारण फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं. ही गोष्ट आजच करा. भाड्याच्या गाडीच्या पावत्या आणि डायलिसिसच्या तारखांचे कागद जोडा. तो खर्च नुकसानभरपाईत मागता येतो, पावती नसली की मात्र अवघड जातं. सात दिवसांची मुदत द्या. पत्राची प्रत गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवा, कारण डीलर कंपनीच्या एरिया मॅनेजरला दचकतो. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या.

आणि सर, भाषा सौम्य ठेवा. त्या पोराबद्दल तुम्ही जे म्हणालात तेही एका ओळीत येऊ द्या.

---

डेंटिंगवाला, लातूर:

गुरुजी नमस्कार. वीस वर्षं झाली डेंटिंग-पेंटिंग करतो. फेंडर नवीनच मागा. तो बोल्टवर बसतो, काढ-घाल अर्ध्या तासाची, आणि टायरला टेकेपर्यंत दबला म्हणजे पत्रा ताणला गेला. ठोकून काढला तर लांबी (पुट्टी) भरावी लागते, दोन-चार वर्षांनी तिथं फुगवटा येतो. बॉनेटचं बघून ठरवा. नुसता कोपरा उचलला असेल तर चांगल्या हाताचं काम निघतं. आतली फ्रेम वाकली असेल तर नवीनच.

एस्टिमेटमध्ये दिसत नाही ते जास्त महत्त्वाचं. बंपर काढल्यावर रेडिएटर सपोर्ट आणि एसीचा कंडेन्सर तुमच्यासमोर बघा. खांबाचा मार कोपऱ्यावर आहे, म्हणजे डावं चाक, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) तपासायलाच पाहिजे. व्हील अलाइनमेंटचा कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. एअरबॅगचं सेन्सर पुढच्या बाजूला असतं, स्कॅनर लावून त्यात फॉल्ट नाही हे कागदावर घ्या.

सिल्व्हर रंग जुळवायला सगळ्यात अवघड. नुसता फेंडर मारला तर उन्हात दरवाजाशी फरक दिसतो, म्हणून पुढच्या दरवाजावर रंग विरवत न्यावा लागतो. हे आधीच सांगून ठेवा, नंतर कुणी करत नाही. गाडी दुपारच्या उन्हात घ्या, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाही. बॉनेट आणि दरवाजातली फट दोन्ही बाजूंनी सारखी पाहिजे. पेंटचा मीटर मिळाला तर लावा. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, आकडा पाचशेच्या वर गेला की खाली लांबी आहे. जुने पार्ट बघायला मागा आणि नव्या पार्टचे खोके बघा.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितलं तसं पत्र त्याच रात्री लिहिलं, ईमेल केलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लातूरला जाऊन पोच घेतली. परभणीकरांचा बारा हजारांचा हिशेब हातानं लिहून जोडला.

काल मॅनेजरचा फोन आला. सगळा खर्च वर्कशॉप करणार, माझ्या पॉलिसीला हात लावणार नाहीत, फेंडर नवीन टाकणार. हे ईमेलवरही आलंय. बॉनेट उघडून बघितल्यावर ठरवू म्हणाले, मी समोर असताना उघडा असं कळवलं. गाडी मिळेपर्यंत डायलिसिसच्या दोन्ही दिवशी त्यांची गाडी ड्रायव्हरसह अंबाजोगाईला येईल. आधीच्या १,८०० रुपयांवर अजून उत्तर नाही, ते मी सोडणार नाही. पोराची नोकरी आहे का, हे मी मुद्दाम विचारलं. आहे, सध्या वॉशिंगलाच ठेवलंय, गाडी चालवायला देत नाहीत.

शनिवारी अकरा वाजता बंपर उतरवणार आहेत. डेंटिंगवाले दादा, तुम्ही लातूरचेच आहात. तासभर येऊ शकाल का? तुमची जी मजुरी होईल ती देईन. आणि मायक्रॉनचा मीटर कुणाकडं असेल, तर एक दिवस वापरायला मिळेल का, तेही कळवा.