'स्पेशल एडिशन'ला फ्री जॅझ म्हणायचं का?

मंद्रसप्तक
अमेरिकन ड्रमर जॅक डिजॉनेटच्या 'स्पेशल एडिशन' या अल्बमवरची (ध्वनिमुद्रण १९७९, ईसीएम कंपनी) कालची पोस्ट वाचली. म्हणे हा शुद्ध फ्री जॅझ (ठरलेली स्वरसंगती आणि लय न पाळणारा जॅझ), सगळं आयत्या वेळी सुचलेलं, आणि त्यातलं 'इंडिया' म्हणजे राग खमाज. दोन्ही साफ चूक. त्यातलीच 'सेंट्रल पार्क वेस्ट' ही सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची दहा बारांची (तालाच्या मापांची) रचना. बी, डी, ए फ्लॅट, एफ हे तिचे चार षड्ज सप्तकाचे चार सारखे भाग करतात. एवढ्या घट्ट बांधणीला मुक्त कसं म्हणायचं?

राईडसिंबल
धून लिहिलेली असली की फ्री नाही, हे कुठून आणलंत? सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९६० च्या 'फ्री जॅझ' अल्बममध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या आहेत, एक डाव्या चॅनेलला, एक उजव्या. त्यांनाही लिहिलेले तुकडे आहेतच. प्रश्न धून संपल्यावरचा आहे. हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) दुसऱ्या-चौथ्या मात्रेला बांधून ठेवायचा की वाक्य संपूर्ण ड्रम-किटवर पसरायचं? डिजॉनेट पसरतो.

चिपळी
मूळ मुद्दा बाजूला ठेवतो, पण खमाजचं सोडवत नाही. 'इंडिया' कोल्ट्रेनने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलं तेव्हा दोन बास होते आणि आधारस्वर जी. त्याच्या सप्तकात निषाद कोमल, म्हणजे खमाज *थाट*, नुसता स्वरांचा संच. रागात आरोहाला रिषभ वर्ज्य, निषाद शुद्ध, अवरोहाला कोमल. ते चलन इथे कुठे आहे? थाट आणि राग यांची गल्लत कधी थांबणार?

राईडसिंबल
राग आहे असं मी म्हटलेलंच नाही. उगाच माझ्या गळ्यात घालू नका.

चिपळी
तुम्हाला नाही, कालच्या पोस्टला. पण बाजू त्याचीच घेताय ना?

पितळी_पत्ती
अहो, भांडायच्या आधी ऐकलंत कशावर ते सांगा. डबल बासची सर्वांत जाड मोकळी तार ई, ४१ हर्ट्झ. सर्वांत बारीक जी, ९८. फोनच्या स्पीकरवर यातला मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. मग या अल्बमवरच्या बासवादक पीटर वॉरेनने काय केलं, डेव्हिड मरेचा बास क्लॅरिनेट खाली कुठे गेला, काय कळणार? कपाटातला बरा हेडफोन काढा, तोवर मत देऊ नका.

दुसरं, इथे डिजॉनेट पियानो आणि मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी कीबोर्ड) वाजवतो ती ड्रमरची हौस नव्हे. डिजॉनेट शिकागोत लहानपणापासून पियानो शिकला, ड्रम्स नंतर. पियानोवर असताना ड्रम्स सुटतात, नाहीतर नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करून भरावे लागतात. क्लिक (कानात वाजणारा मात्रांचा ठोका) नसेल तर लय थोडी हलते, आणि वरून भरलेला पियानो त्या हललेल्या लयीमागे धावतो. म्हणून सुरुवातीला मोकळ्या लयीत पियानो आणि मग किटवर जाणं हाच शहाणपणाचा मार्ग.

मंद्रसप्तक
हेडफोनवरच ऐकलंय, उपदेश नको. पियानोचं पटलं. हाय-हॅटचंही. पण मग याच अल्बमवरचे 'वन फॉर एरिक' आणि 'झूट स्वीट' एकाच पेटीत कसे टाकता? 'झूट स्वीट' बासच्या रिफवर (परत परत येणाऱ्या छोट्या स्वरवाक्यावर) उभं आहे, मध्ये लय मोडून संथ भाग येतो, आणि परत तोच रिफ. याला मी फ्री म्हणणार नाही.

राईडसिंबल
'झूट स्वीट' सोडा, दिलं. अल्बमवरच्या 'जर्नी टू द ट्विन प्लॅनेट'बद्दल बोला, त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही.