मदत हवी आहे: रॅग्नारोकच्या सर्व्हर एम्युलेटरमध्ये खांबाला वळसा घालताना वाट जुळत नाही

नमस्कार मंडळी,

रॅग्नारोक ऑनलाइन या २००२ सालच्या कोरियन खेळासाठी मी पायथनमध्ये एक छोटा ओपन सोर्स सर्व्हर एम्युलेटर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरसारखा वागणारा पर्यायी सर्व्हर, लिहितोय. याच खेळाचा सी++मधला तयार ओपन सोर्स सर्व्हर आर-अथेना आहेच, आणि नुसतं खेळायचं असतं तर तोच चालवला असता. पण इथे सोलापुरात डिप्लोमा करणाऱ्या पोरांना सॉकेट, पॅकेट, डेटाबेस हे सगळं एका चालत्या खेळात उघडून दाखवायचंय. म्हणून भाषा सोपी घेतली, कोडमधल्या टिपाही मराठीत लिहितोय. पुण्या-हैदराबादला गेलेले मित्र संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्ताने घरी येतात. तोवर सगळ्यांना एका नकाशात फिरता यावं, ही मनापासून इच्छा आहे.

लॉगिन, पात्र आणि नकाशा हे तिन्ही सर्व्हर अनुक्रमे ६९००, ६१२१ आणि ५१२१ पोर्टवर नीट चालतात. अडलंय ते चालण्यात.

जमिनीवर क्लिक केलं की माझ्याकडचा जुना क्लायंट (खेळाडूच्या संगणकावर चालणारा खेळ) हेक्स ००८५ क्रमांकाचं पॅकेट पाठवतो. कुठे जायचं ते त्यात ३ बाइटांत असतं: एक्सचे १० बिट, वायचे १०, दिशेचे ४. मी ००८७ ने उत्तर देतो, त्यात सर्व्हरची वेळ आणि ६ बाइटांत सुरुवात व शेवट. मधली वाट पॅकेटमध्ये नसतेच. ती क्लायंट आपली आपण काढतो आणि सर्व्हरने स्वतंत्रपणे तीच काढायची असते. नकाशा चौकोनी घरांचा असतो; सरळ घराला १५० मिलिसेकंद, तिरप्याला २१०. दोघांच्या वाटा वेगळ्या निघाल्या की मित्र पडद्यावर एका घरात दिसतो, सर्व्हरच्या लेखी तो भलतीकडेच असतो, आणि पुढच्या क्लिकला पात्र झटक्यात मागे खेचलं जातं.

वाट शोधायला ए-स्टार वापरलाय: आतापर्यंतचा खर्च अधिक उरलेल्या अंतराचा अंदाज ज्या घराचा सर्वांत कमी, ते घर आधी तपासणारी पद्धत. उरलेल्या अंतराचा अंदाज खऱ्या खर्चापेक्षा जास्त नसेल तरच सर्वांत जवळची वाट नक्की मिळते, असं आपण शिकतो. पण आर-अथेनाच्या कोडमधली टीप सांगते की क्लायंट मुद्दाम फुगवलेला अंदाज वापरतो: आडवं अंतर अधिक उभं अंतर, गुणिले १०. तिरप्या पावलाचा खर्च १४ आणि अंदाज २०! म्हणजे इथे सर्वांत जवळची वाट काढून उपयोग नाही, क्लायंटची वाट काढायला हवी. मीही तोच अंदाज घेतला, शिवाय दोन्ही बाजूंची घरं मोकळी असतील तरच तिरपं पाऊल टाकू दिलं. भिंतीकडेच्या बहुतेक चाली त्याने जुळल्या.

राहिला एकटा खांब. समजा खांब (५१,५०) वर आहे आणि (५०,५०) वरून (५२,५०) ला जायचंय. दोन्ही बाजूंनी खर्च ४०. माझा सर्व्हर नेहमी दक्षिणेकडून जातो, क्लायंट उत्तरेकडून. मला संशय पायथनच्या हीपक्यूचा, म्हणजे सर्वांत लहान नोंद आधी काढून देणाऱ्या रांगेचा आहे. त्यात मी (खर्च, एक्स, वाय) टाकतो, आणि खर्च सारखा आला की तो एक्स व मग वाय लहान असलेलं घर आधी काढतो. क्लायंटमध्ये ही बरोबरी बहुधा शेजारची आठ घरं तपासायच्या क्रमावर सुटत असावी.

तर जाणकारांनी सांगावं: तो क्रम कोणी तपासून पाहिलाय का? हीपक्यूच्या नोंदीत खर्चानंतर चढता अनुक्रमांक घातला, तर आधी आलेलं घर आधी काढायचं की शेवटी आलेलं?

आणखी एक. आर-अथेना जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे आणि मी त्यातून घेतलंय, त्यामुळे माझा कोडही त्याच परवान्याखाली देणार. पण गॅट नकाशे (कुठल्या घरावर चालता येतं ते सांगणाऱ्या फाइली) कंपनीचे आहेत, ते मी रेपोत, म्हणजे कोडच्या सार्वजनिक साठ्यात, ठेवणार नाही. चाचणीसाठी स्वतःचे छोटे नकाशे हवेत. १४ बाइटांचं हेडर आणि दर घराला २० बाइट एवढी रचना मला माहीत आहे. असे नकाशे बनवणारी स्क्रिप्ट कोणाकडे असेल तर कृपया द्या.

खांबाच्या दोन्ही वाटा घरांच्या आकड्यांसह खाली प्रतिसादात टाकतोय.