मदत हवी आहे : भंगाराचा पुरवठादार बोगस साखळीत सापडल्याने निर्यातीवरचा जीएसटी परतावा अडकला (जालना)

नमस्कार मंडळी,

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी फाउंड्री आहे. भंगार वितळवून पंपाचे सुटे भाग ओतायचे, ते एलयूटीवर (निर्यातदाराच्या हमीपत्रावर) कर न भरता परदेशी पाठवायचे आणि साठलेल्या इनपुट क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा) परतावा आरएफडी-०१ हा अर्ज भरून मागायचा, हा आमचा नेहमीचा क्रम. या खेपेस मात्र परताव्याऐवजी आरएफडी-०८ ची नोटीस (परतावा का नाकारू नये, अशी विचारणा) हाती पडली असून उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत आहे.

नोटिशीचा रोख असा, की आमच्या भंगार व्यापाऱ्याने ज्या पेढ्यांकडून माल घेतल्याचे दाखवले, त्या दिलेल्या पत्त्यावर नाहीतच; त्या नुसती बिले फाडत होत्या. त्यांच्या पोकळ क्रेडिटवर या व्यापाऱ्याने आपला कर भागवला, म्हणून जीएसटी कायद्याच्या कलम १६(२)(सी) प्रमाणे (पुरवठादाराचा कर प्रत्यक्ष सरकारकडे भरला गेला तरच खरेदीदाराला क्रेडिट, ही अट) तो कर सरकारजमा झालाच नाही, असे म्हणणे आहे. व्यापाऱ्याची नोंदणी आता पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाली आहे. आम्ही माल घेतला तेव्हा ती चालू होती, बिले जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात) दिसत होती आणि करासह पूर्ण रक्कम आरटीजीएसने गेली होती.

नुसते बिल आणि बँकेची नोंद पुरत नाही, गाडी, भाडे आणि मालाची पोच दाखवावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली इकॉम गिल कॉफी ट्रेडिंगच्या निकालात म्हटले आहे. तो निकाल कर्नाटकच्या व्हॅट (जीएसटीपूर्वीचा राज्याचा विक्रीकर) कायद्यावरचा असला तरी अधिकारी तोच पुढे करतात. आमच्याकडे काटा पावत्या (वजनकाट्याच्या), बिल्ट्या (वाहतूकदाराच्या पावत्या), गेट रजिस्टर आणि कोणत्या दिवशी किती टन भंगार भट्टीत गेले याची नोंदवही आहे. अडचण एकाच खेपेची आहे : ई-वे बिलावरचा (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावरचा) गाडी क्रमांक तीनचाकी रिक्षाचा निघाला, तर आमच्या काटा पावतीवर ट्रकचा वेगळाच क्रमांक आहे. वाटेत गाडी बदलली आणि ई-वे बिलाचा भाग ‘ब’ (गाडी क्रमांकाचा) दुरुस्त करायचा राहिला, असे व्यापारी तेव्हा म्हणाला होता. आता तो फोन उचलत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात व्हॅटमधली अशीच अट वैध ठरवली; दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०१७ साली ऑन क्वेस्ट मर्चंडायझिंगच्या प्रकरणात प्रामाणिक खरेदीदाराची बाजू घेतली. युरोपीय न्यायालयाने २००६ च्या किटेल निकालात निदान कसोटी तरी घालून दिली : खरेदीदाराला लबाडी ठाऊक होती, किंवा ठाऊक असायला हवी होती, तरच हक्क नाकारायचा. आपल्या कलमात तेवढाही आडोसा मला दिसत नाही. पुरवठादाराच्या पुरवठादाराचे गोदाम मी जालन्यात बसून कसे तपासणार?

जाणकारांनी कृपया सांगावे : वादातील बिलांपुरते क्रेडिट वगळून उरलेला परतावा मंजूर करा, अशी मागणी नोटिशीच्या उत्तरातच (आरएफडी-०९ या नमुन्यात) करता येते का? आणि त्या रिक्षाच्या खेपेचा खुलासा आपणहून करावा, की आमच्या पावतीवरील ट्रकमालकाचे प्रतिज्ञापत्र मिळाल्यावरच तो विषय काढावा?