व्हॅलेतील गायींच्या झुंजी : सक्ती की स्वभाव?

प्रश्न : स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात गायींच्या झुंजी लावतात, असे वाचले. गायी आपणहून झुंजतात का?

उत्तर १ : होय. एरांस जातीच्या या काळसर, ठेंगण्या पण दणकट गायी डोंगरावरील कुरणात एकत्र आल्या की कळपातील मानाची जागा ठरवण्यासाठी स्वतःच शिंगे भिडवतात. आखाड्यात त्याच स्वभावाला वजनगटांची आणि पंचांची चौकट दिली जाते. हरलेली गाय पाठ फिरवते आणि बहुधा तेवढ्यावर झुंज मिटते.

उत्तर २ : शिंगांची टोके आधी बोथट करतात, हेही सांगायला हवे. अंतिम फेरी सिओं शहराजवळील आप्रो येथे होते. विजेतीला ‘राणी’ म्हणतात आणि तिच्या गळ्यात मानाची घंटा बांधतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. गोव्याच्या धिर्योत बैल असतात, म्हणून गायींचे नवल वाटले.