प्रतिसाद: मशीन नको, शिकवणारा माणूस हवा

सोलापूरच्या वैशंपायन सरकारी मेडिकल कॉलेजात देणग्या गोळा करून प्रसूतीतल्या भुलेचं प्राध्यापकपद काढायचा बेत आहे. त्यावर "वैशंपायन कॉलेजला मशीन घेऊन द्या, प्रसूतीतल्या भुलेसाठी प्राध्यापकपद कशाला?" असं वर कुणी म्हटलंय. मशीन आज ना उद्या भंगारात जातं हो. बहिणीच्या सिझरला पाठीत भुलेची सुई दिल्यावर बीपी धाडकन उतरलं. भूलतज्ज्ञ बाईंनी उजव्या कमरेखाली घडी केलेली चादर सरकवली (आपली सोलापुरी नव्हे, ऑपरेशन थिएटरातली हिरवी), गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवरून हटला नि बीपी सावरलं. हे शिकवायला माणूसच लागतो. जन्मल्या जन्मल्या बाळाची तब्येत मोजणारा अपगार स्कोअर १९५२ साली मांडणाऱ्या व्हर्जिनिया अपगारही भूलतज्ज्ञच.

फक्त हिशेब नीट करा. देणग्यांचं मुद्दल मोडायचं नाही, २ कोटी धरले तर ७ टक्के व्याजाने वर्षाला १४ लाख. त्यात प्राध्यापकाचा पगार भागणं कठीण. पगार सरकारचा, व्याज संशोधनाला, असं लेखी घ्या. मगच पावतीबुक छापा.