फॅमिली ग्रुप: रोहितची बर्ड्सव्हिलची तयारी

रोहित: सुहासदादा, ऑस्ट्रेलियातल्या बर्ड्सव्हिल गावाला नोकरीवर रुजू व्हायचंय. मरी गावावरून गाडीने निघतोय. टायरमध्ये हवा किती ठेवू?

सुहासदादा: ५१७ किमी, जवळजवळ सगळा कच्चा रस्ता. तुझ्या गाडीला २८-३० पीएसआय. टायर जरा मऊ असला की अणकुचीदार दगडावर दबतो, कापला जात नाही. पण मग वेग ८०च्या आत. कमी हवेत पळवलंस की टायरची बाजू तापून फाटते आणि लोक उगाच दगडाला शिव्या घालतात. स्टेपन्या दोन, कॉम्प्रेसर हवाच. डिझेल मधे फक्त मंगरेनीला मिळतं, तेव्हा टाकी मरीलाच फुल कर.

नंदामावशी: आणि पाणी रे?

प्राची: मावशी, उन्हाळ्यात माणशी रोजचं १० लिटर धरायचं, आणि एकाच कॅनमध्ये नाही. एक फुटला तरी बाकीचं उरतं. गावातलं पाणी १,२८० मीटर खोल बोअरचं. वर येतं तेव्हा ९८ अंश! आधी गार करतात, मग नळाला.

अनिलकाका (नागपूर): कूलर चालतो का तिकडे?

प्राची: झकास चालतो काका, हवा कोरडी ना. खिडकी मात्र फटभर उघडी हवी, नाहीतर घर दमट होतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पॅडवर पांढरा थर धरतो, म्हणून टाकीतलं पाणी अधूनमधून सोडून ताजं भरायचं. धुळीचं वादळ दिसलं की लगेच बंद.

नंदामावशी: डॉक्टर आहेत का जवळ?

प्राची: गावात नर्सचा दवाखाना आहे. लांबच्या गुरांच्या फार्मवर फ्लाइंग डॉक्टरांची (विमानाने येणाऱ्या डॉक्टरांची) औषधपेटी असते, १९४२पासूनची पद्धत. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर फोनवर लक्षणं विचारतात आणि 'अमुक नंबरची गोळी, इतक्या वेळा' असं सांगतात. खरखरत्या लाइनवर औषधाचं नाव भलतंच ऐकू येतं, आकडा सहसा नाही. पेटी कुलपात, दिलेली प्रत्येक गोळी वहीत. रोहित, तुझी नेहमीची औषधं मात्र जास्तीची घे. डाळ-तांदूळही. पाऊस पडला की माती चिकट होते, रस्ता बंद, किराणा अडकतो.

रोहित: समोर रोडट्रेन, म्हणजे तो अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, आला तर?

सुहासदादा: ५३ मीटर लांब असते ती. धुळीत ओव्हरटेक अजिबात नको. गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर चॅनल ४० लाव, ड्रायव्हरला विचार, तो हो म्हणाला आणि पुढचं दिसलं तरच जा. मोबाइलला वाटेत रेंज नाही, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस नाही.

रोहित: रात्री निघालं तर चालेल? ऊन टळेल.

सुहासदादा: नको. अंधार पडला की कांगारू आणि गुरं रस्त्यावर. पहाटे उजाडल्यावर नीघ. आणि रस्त्याचे रिपोर्ट दोन बघ, साउथ ऑस्ट्रेलियाचा आणि क्वीन्सलंडचा. बर्ड्सव्हिलच्या जरा अलीकडेच राज्याची हद्द आहे, अलीकडे रस्ता उघडा आणि पलीकडे बंद असू शकतो. बंद रस्त्यावर गेलास तर दंड जबर आहे.