हमिंगबर्डला साखरपाणी: द्यावं की नाही?

अंगणवेडी (सॅन होजे, कॅलिफोर्निया): हमिंगबर्डसाठी अंगणात फीडर, म्हणजे साखरपाण्याची बाटली, टांगलाय. शेजारीण म्हणते, "फीडर काढ, पाखरं ऐतखाऊ होतील." मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडचा ॲनाज हमिंगबर्ड बाराही महिने इथेच असतो. वजन जेमतेम 4 ग्रॅम, आपल्या रुपयाच्या नाण्याएवढं. थंडीच्या रात्री अंगातली ऊब उतरवून निपचित पडतो आणि उजाडलं की त्याला आधी खाणं लागतं. रोज सकाळी आमच्या लिंबाच्या वाळक्या काटकीवर येऊन बसतो. गळा काळा दिसतो, पण मान वळवली की गुलाबी पेटतो! एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग नाही, मध नाही. यात काय बिघडलं?

रानजाई: ताई, तुमच्या हातून नाही बिघडणार, पण सगळे तुमच्यासारखे नसतात. गेल्या ऑगस्टमध्ये ओळखीतल्या एकांचा फीडर मी स्वतः उतरवला. ते तीन आठवडे भारतात. लाल प्लास्टिकच्या फुलाच्या खाचेत काळी बुरशी, पाणी आंबलेलं, वर मुंग्या. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुवायलाच हवा. त्यापेक्षा फुलझाडं लावा: सेज लावा, कॅलिफोर्निया फ्यूशिया लावा. आणि फवारणी थांबवा, कारण पिल्लं नुसत्या साखरेवर वाढत नाहीत, त्यांना चिलटं आणि कोळी लागतात.

एडिसनकर: पण "फीडर ठेवला तर ती दक्षिणेला जातच नाहीत" हे इथे न्यू जर्सीत सर्रास ऐकू येतं, ते साफ खोटं आहे. दिवस लहान होऊ लागले की ती निघतातच. आमचे रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड पुढे मेक्सिकोचं आखात ओलांडतात, सुमारे 800 किलोमीटर, खाली टेकायला जागा नाही. सप्टेंबरात त्यांना पोटभर मिळालं तर बरंच.

सांगलीचे आजोबा: आमच्या जास्वंदीवर येतो तो हमिंगबर्डच ना? नातू म्हणतो, बाटली टांगू.

रानजाई: आजोबा, तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाही. जास्वंद आहे ना, मग बाटली कशाला?

अंगणवेडी: सेज लावते, पण तो फुलेपर्यंत फीडर राहणार. डिसेंबरात पुण्याला जाताना मात्र धुऊन, उतरवून जाईन. तुमच्या त्या काळ्या खाचेचं वाचून आज आमचाही उघडून पाहिला. बाटलीच्या ब्रशने तळ निघतो, खाच निघत नाही. जुना टूथब्रश लागला.